खेळ सिद्धांत आणि जमिनीखालचे पाणी

स्वतःचा लाभ इतरांच्या निर्णयावरही अवलंबून असेल, तर शहाण्या माणसाने काय करावे, याचा गणिती अभ्यास म्हणजे खेळ सिद्धांत. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ मधील ग्रंथाने त्याला अर्थशास्त्रात स्थान मिळवून दिले. १९५० मध्ये जॉन नॅश यांनी समतोलाची संकल्पना मांडली. इतरांची चाल कायम असताना एकट्याने चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही, ती स्थिती म्हणजे नॅश समतोल. या कार्यासाठी नॅश, जॉन हारसानी व राइनहार्ड सेल्टन यांना १९९४ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

हा समतोल सर्वांच्या हिताचा असतोच असे नाही. नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या तालुक्यात दोन शेजारी शेतकरी एकाच भूजलावर अवलंबून आहेत, अशी कल्पना करू. दोघांनी उपसा मर्यादित ठेवला, तर प्रत्येकी ६० हजार रुपये मिळतात. एकानेच खोल बोअर घेतला, तर त्याला ७० हजार व दुसऱ्याला २५ हजार मिळतात. दोघांनी घेतला, तर पाणी खालावून प्रत्येकी ४० हजारच हाती पडतात. शेजारी काहीही करो, बोअर घेणेच प्रत्येकाला किफायतशीर वाटते. परिणामी दोघेही ६० हजारांना मुकतात. यालाच 'कैद्यांचा पेच' म्हणतात. यात दोष शेतकऱ्याच्या लोभाचा नसून खेळाच्या नियमांचा आहे.

नियम बदलता येतात. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सिंचनासाठी बोअर घेण्यास व ऊस, केळी यांसारख्या पिकांना ग्रामसभेत बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. शेजारीही नियम पाळणार, हा भरवसा निर्माण झाला की संयम तोट्याचा राहत नाही. सामुदायिक संपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी सांभाळू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे नोबेल मिळाले.

महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमातही उपशावर निर्बंधांची तरतूद आहे. मात्र नियम मोडणाऱ्याला दंड होईलच, अशी खात्री नसेल तर खेळ पूर्वीचाच राहतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तहानेची वेळ येण्यापूर्वी नियम ठरवणे, हाच या सिद्धांताचा मराठवाड्यासाठी व्यावहारिक अर्थ होय.