न हरलेला, तरी न बोलावलेला संघ

मंडळी, अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, तो पायापेक्षा हातातच जास्त, आणि खेळाडू अंगावर चिलखत चढवून एकमेकांना धडका देणार! पण कॉलेजच्या सामन्यांचं तिथलं वेड म्हणजे आपल्या क्रिकेटच्या तोडीचं. आज अशाच एका कॉलेजच्या संघाची गोष्ट.

साल १९५१. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ, म्हणजे जेझुइट पाद्र्यांनी चालवलेलं एक छोटं विद्यापीठ. संघाचं नाव 'डॉन्स', प्रशिक्षक जो कुहारिक. त्या मोसमात हे लोक ९ सामने खेळले आणि ९ च्या ९ जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ असं हरवलं, पॅसिफिकचा तर ४७-१४ असा धुव्वा उडवला. ऑली मॅटसन नावाचा गडी नुसता सुसाट सुटला होता. चेंडू घेऊन एका मोसमात १,५६६ यार्ड धावला, त्या वर्षी अख्ख्या देशात सर्वात जास्त!

आता तिथली पद्धत अशी, की मोसम संपला की चांगल्या संघांना 'बाऊल' सामन्यांचं आमंत्रण येतं. मान तर मिळतोच, शिवाय पैसाही. आणि पैशाची डॉन्सना फारच गरज होती, कारण फुटबॉलपायी विद्यापीठ तोट्यात चाललं होतं.

पण ऑरेंज, शुगर, गेटर हे मोठे बाऊल सगळे दक्षिणेत. तिथे तेव्हा हॉटेलं वेगळी, बसमधल्या जागा वेगळ्या, सगळंच गोरे-काळे वेगळं. आणि डॉन्सचे दोन खेळाडू कृष्णवर्णीय होते, मॅटसन आणि बर्ल टोलर. 'तुमचे सामने दुबळ्या संघांशी झाले' हे सांगायचं कारण. खेळाडूंनी नंतर सांगितलं ते असं, की दोघांना घरी ठेवलंत तर या, असा निरोप आला होता.

संघाने काय केलं? सरळ नाही म्हटलं. मतदानबितदान काही नाही. गेलो तर सगळे, नाहीतर कोणीच नाही. दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला जिनो मार्केटीही याच संघात होता.

किंमत मोजावी लागलीच. बाऊलचे पैसे आले नाहीत आणि विद्यापीठाने त्या मोसमानंतर तो संघच बंद केला. म्हणजे अजिंक्य संघाचा तो शेवटचा मोसम!

पण पुढची यादी बघा. मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर, एकाच कॉलेज संघातले तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेले. संघाच्या प्रसिद्धीचं काम बघणारा पोरगा पीट रोझेल १९६० साली एनएफएलचा कमिशनर झाला. टोलरचा गुडघा १९५२ मध्ये गेला, खेळणं संपलं. त्याने शिक्षकी पत्करली, आणि १९६५ साली तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला. ज्याला मैदानावर येऊ नको म्हणाले, तोच मैदानावर निर्णय देऊ लागला!

आणि मॅटसन? १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४ x ४०० रिलेत रौप्य. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर जाऊन कुस्तीतलं कांस्य घेऊन आले, ते याच ऑलिंपिकमध्ये. एकाला आमंत्रण नाही, एकाला तिकिटाचे पैसे नाहीत. दोघंही पोचले.

आपण प्रोजेक्टवाले लोक 'टीमवर्क' हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. सगळं सुरळीत चाललं असताना तो फुकटच असतो हो. आपलं काही जाणार आहे हे माहीत असताना शेजारच्याला सोडायचं नाही, खरी परीक्षा तिथे. १९५२ चा ऑरेंज बाऊल कोणी जिंकला हे आज किती जणांना आठवतं? न खेळलेले डॉन्स मात्र अजून आठवतात.