खांदेरी १६७९ : हलक्या नावांचा वेग आणि त्याची किंमत

१/ बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. त्यांच्याच पुत्राने कोकणात आरमार उभारले.

२/ शर्यतीची दुहेरी बुडाची कॅटामरान हलकी, म्हणून वेगवान. पण जोराच्या वाऱ्यात तोच हलकेपणा तिला उलटवू शकतो. शब्द मूळचा तमिळ : ‘कट्टुमरम’, म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. मराठ्यांच्या नावा एकबुडी होत्या, तरी हलकेपणाचा लाभ आणि तोटा त्यांनाही चुकला नाही.

३/ १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू झाली. इंग्रजांनी जहाजे आणून वाट अडवली. वारा पडला की ती जागीच खिळत. उथळ बुडाच्या मराठी नावा मात्र वल्ह्यांच्या बळावर रात्रीतून बेटावर रसद पोहोचवीत.

४/ १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने चाल केली. इंग्रजांचे ‘डव्ह’ हाती लागले. पण ‘रिव्हेंज’च्या तोफांपुढे नावांना नागोठण्याच्या खाडीकडे हटावे लागले. हलकी नाव जड तोफांचा मारा सोसू शकत नाही.

५/ तरीही रसद थांबली नाही. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनीच माघार घेतली. खांदेरी राखली ती त्या दिवसाच्या झुंजीने नव्हे, रात्रीच्या फेऱ्यांनी.