कसोटीबाहेरचे विक्रमवीर

दादर आणि परळ यांच्या सांध्यावरील हिंदमाता परिसराच्या उत्तरेस माटुंग्याचे दडकर मैदान आहे, पश्चिमेस रेल्वेच्या रुळांपलीकडे शिवाजी पार्क आहे आणि दक्षिणेस एके काळी गिरण्या व रेल्वे कारखान्यांनी गजबजलेला परळ-लालबागचा पट्टा आहे. या टापूने भारतीय संघाला किती कसोटीपटू दिले, याची मोजदाद वारंवार होते. तथापि याच मैदानांनी आणि त्यांच्याभोवती उभ्या राहिलेल्या शाळा, क्लब व कचेऱ्यांच्या स्पर्धांनी असेही खेळाडू घडवले, की ज्यांची नावे विक्रमांच्या यादीत वरच्या ओळींत आहेत, पण भारताच्या कसोटी संघात कधीच आली नाहीत. त्यांचा इतिहास वाचताना ध्यानात येते, की विक्रम आणि मानाचे स्थान यांचे हिशेब निरनिराळ्या वह्यांत मांडले जातात आणि एका वहीतली शिल्लक दुसरीत आपोआप जमा होत नाही.

या विक्रमांना जागा मिळाली ती मुंबईतील स्पर्धांच्या रचनेमुळे. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची शालेय ढाल, म्हणजे हॅरिस शील्ड, 1893 पासून खेळली जाऊ लागली आणि लहान वयोगटासाठी 1901 मध्ये जाईल्स शील्डची जोड मिळाली. शाळा सुटल्यावर खेळ सुटू नये याची सोय ‘टाइम्स शील्ड’ने केली, बँका, रेल्वे, गिरण्या व कंपन्या यांच्या संघांची ही आंतरकार्यालयीन स्पर्धा असल्याने चांगल्या खेळाडूला नोकरी आणि मैदान दोन्ही लाभत असे. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ 1948 मध्ये सुरू झालेली कांगा लीग तर भर पावसाळ्यात, ओल्या आणि लहरी खेळपट्ट्यांवर खेळली जाई. या सर्व स्पर्धांना गुणलेखक, म्हणजे प्रत्येक चेंडूची नोंद करणारा ‘स्कोअरर’ असे, आणि त्याच्या वहीमुळेच एरवी संध्याकाळच्या गप्पांत विरून गेली असती अशी खेळी पुरावा म्हणून टिकली.

अशा टिकलेल्या नोंदींपैकी जुनी आणि ठळक नोंद दादाभॉय हवेवाला यांची आहे. लोअर परळच्या कारखान्यामुळे या टापूशी जवळचे नाते असलेल्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसुरी कंपनीच्या, संघाकडून त्यांनी 1933-34 च्या हंगामात टाइम्स शील्डमध्ये सेंट झेवियर्स कॉलेजविरुद्ध 515 धावा केल्या. हवेवाला वरच्या दर्जाचे सामनेही खेळले, परंतु कसोटी खेळले नाहीत. तरीही भारतातील कोणत्याही पातळीवरच्या नोंदलेल्या सामन्यांत त्यांची खेळी सुमारे 80 वर्षे सर्वांत मोठी राहिली. नोव्हेंबर 2013 मध्ये रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेच्या पृथ्वी शॉ याने हॅरिस शील्डमध्ये 546 धावा काढून ती मागे टाकली.

शालेय क्रिकेटमध्ये असे आकडे का दिसतात, याचे उत्तर सामन्याच्या घडणीत आहे. अनेक दिवसांच्या सामन्यात षटकांची मर्यादा नसते, एका बाजूला रोज सराव करणारा संघ असतो, तर दुसऱ्या बाजूला जेमतेम अकरा मुले गोळा करून आलेली शाळा असते, आणि डाव घोषित करायचा की नाही हे बलवान संघाच्याच हाती असते. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर दादरच्या शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर (नाबाद 326) आणि विनोद कांबळी (नाबाद 349) यांनी केलेली 664 धावांची अखंड भागीदारी याच चौकटीत घडली. पुढे ते दोघेही कसोटीपटू झाल्यामुळे तिला भविष्यवाणीचे रूप आले. मात्र 2006 मध्ये हैदराबादच्या दोन शाळकरी फलंदाजांनी 721 धावांची भागीदारी करून ती मोडली, तेव्हा त्यांची नावे क्रिकेटच्या मोठ्या पटावर दिसली नाहीत. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने आर्य गुरुकुलविरुद्ध नाबाद 1009 धावा केल्या आणि 1899 मध्ये इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजमधील ए. ई. जे. कॉलिन्स याने केलेल्या नाबाद 628 धावांचा, शतकाहून अधिक काळ टिकलेला विक्रम मागे पडला. प्रणवच्या संघाने 3 बाद 1465 वर डाव घोषित केला, तर प्रतिस्पर्धी 31 आणि 52 धावांत गारद झाले. या आकड्यांतून फलंदाजाची चिकाटी जशी कळते, तशीच दोन संघांमधली दरीही कळते.

खालच्या पायरीवरचे विक्रम ही केवळ क्रिकेटची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये सर्वोच्च साखळीच्या खाली ‘मायनर लीग’ म्हणजे दुय्यम व्यावसायिक साखळ्या असतात; तेथे जो बाउमन याने 1954 मध्ये रॉजवेलच्या संघाकडून एका हंगामात 72 ‘होम रन’ मारले, म्हणजे 72 वेळा एकाच फटक्यावर मैदानाची पूर्ण फेरी पुरी केली. 2001 पर्यंत व्यावसायिक बेसबॉलमध्ये कोणी त्यापुढे गेले नाही, पण बाउमनला सर्वोच्च साखळीत एकही सामना मिळाला नाही.

महाराष्ट्रात याच जातीचे सर्वांत मोठे उदाहरण मात्र शालेय नव्हे, प्रथम श्रेणीचे आहे. प्रथम श्रेणी म्हणजे राज्ये किंवा त्या तोडीच्या संघांमधील तीन अथवा अधिक दिवसांचे, दोन डावांचे सामने. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध रणजी सामन्यात 494 मिनिटांत नाबाद 443 धावा केल्या आणि कमल भांडारकर यांच्यासह दुसऱ्या गड्यासाठी 455 धावांची भर घातली. काठियावाडच्या 238 धावांना उत्तर देताना तिसऱ्या दिवशी उपाहाराच्या वेळी महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा झाल्या होत्या. डॉन ब्रॅडमन यांच्या नाबाद 452 या तत्कालीन जागतिक विक्रमाची बरोबरी करायला निंबाळकरांना 9 धावा हव्या होत्या. प्रतिस्पर्धी कर्णधाराने खेळ पुढे चालवण्यास नकार देऊन सामना सोडला आणि निंबाळकर मैदानात उतरूच शकले नाहीत. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च खेळी आजही हीच आहे, आणि तिचा धनी एकही कसोटी खेळला नाही.

निंबाळकरांचा विक्रम एका डावाचा होता. पद्माकर शिवलकर यांचा हिशेब मात्र पाव शतकाचा आहे. शिवाजी पार्क जिमखान्याच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने 1961-62 ते 1987-88 या काळात 124 प्रथम श्रेणी सामन्यांत 19.69 च्या सरासरीने 589 बळी घेतले. सरासरी म्हणजे प्रत्येक बळीमागे मोजाव्या लागलेल्या धावा, आणि ती वीसच्या आत ठेवणे कोणत्याही काळातील गोलंदाजाला अवघडच. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकच्या फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर मुंबईचा संघ स्वतः 151 आणि 113 धावांत आटोपला असताना शिवलकरांनी 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 गडी बाद करून तामिळनाडूला 80 व 61 वर रोखले. मुंबईचे ते सलग पंधरावे रणजी विजेतेपद होते. तरीही भारतीय संघात डावखुऱ्या फिरकीची जी एक जागा होती, ती 1967 च्या सुमारास बिशनसिंग बेदी यांनी घेतली आणि दशकभर सोडली नाही. हीच गत हरयाणाच्या राजिंदर गोयल यांची झाली. रणजीतील त्यांचे 637 बळी आजवर कोणी ओलांडलेले नाहीत, पण कसोटी त्यांच्याही वाट्याला आली नाही.

फलंदाजीत या परंपरेचा वारसा अमोल मुझुमदार यांच्याकडे गेला. 1988 च्या त्या भागीदारीच्या वेळी ते शारदाश्रमच्या तंबूत पॅड बांधून पुढच्या फलंदाजीची वाट पाहत बसले होते, आणि आपली पाळी येण्याची ही प्रतीक्षा पुढेही त्यांची पाठ सोडणार नव्हती. 1993-94 च्या हंगामात फरिदाबाद येथे हरयाणाविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पणातच त्यांनी 260 धावा केल्या आणि पदार्पणातील सर्वोच्च खेळीचा हा जागतिक विक्रम डिसेंबर 2018 मध्ये मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने नाबाद 267 करेपर्यंत अबाधित राहिला. एकूण 11,167 प्रथम श्रेणी धावा आणि 30 शतके त्यांच्या नावावर जमा झाली, परंतु तेंडुलकर, द्रविड, गांगुली व लक्ष्मण यांच्या काळात मधल्या फळीतली जागा रिकामी झाली नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये भारतीय महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक मुझुमदारच होते.

खेळाडूला वरच्या पायरीपासून दूर ठेवणारे कारण प्रत्येक वेळी जागांची टंचाई हेच नव्हते. फार पूर्वी, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात, पळवणकर बाळू यांनी सर्व सामने मिळून 114 बळी घेतले होते. पुण्यात मैदानाची निगा राखणारा नोकर म्हणून क्रिकेटच्या जगात शिरलेल्या या दलित गोलंदाजाच्या जोरावर मुंबईतील हिंदू संघ उभा होता, पण त्या संघाचे कर्णधारपद जातीमुळे त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना 1923 मध्ये मिळाले. येथे अडथळा सामाजिक होता, निंबाळकरांच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्याचा हट्ट होता, शिवलकर आणि मुझुमदार यांच्या बाबतीत समकालीनांची गुणवत्ता होती; आणि बाळूंचा काळ तर भारताच्या 1932 मधील पहिल्या कसोटीपूर्वीच संपला होता.

म्हणून अशा विक्रमांचे मोल ठरवताना त्यांची दोन गटांत विभागणी करणे सोयीचे ठरते. एका डावातून किंवा एका भागीदारीतून जन्मलेला विक्रम हा बऱ्याच अंशी त्या सामन्याचा दाखला असतो. मैदान किती लहान, प्रतिस्पर्धी किती कच्चा, डाव घोषित करण्याची घाई कोणाला, या बाबी त्यात धावांइतक्याच बोलतात, आणि म्हणूनच 1009 हा आकडा थक्क करतो, पण त्यावरून खेळाडूच्या पुढील वाटचालीचा अंदाज बांधता येत नाही. वर्षानुवर्षे साठत गेलेला विक्रम हा खेळाडूचा दाखला असतो, कारण शेकडो सामन्यांत खेळपट्ट्या, प्रतिस्पर्धी आणि नशीब यांची सरासरी निघून जाते व उरते ते कसब. शिवलकरांचे 589 बळी याच दुसऱ्या गटात मोडतात, आणि त्यांना कसोटीचा एकही बळी जोडता न येणे ही गोलंदाजीतली उणीव नसून, एकाच वेळी दोन थोर फिरकी गोलंदाज निपजल्यावर त्यांतल्या एकालाच खेळवणाऱ्या निवडीची मर्यादा आहे.