खाशाबा ५७ किलोचे होते, गदा ८६ पासून सुरू होते

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्या मातीतला आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या वऱ्हाडातली कोणतीही आमदंगल आठवून पाहा. दुपारच्या उन्हात लहान्या पोट्ट्यांपासून सुरुवात होते. मग पन्नास-साठ किलोच्या जोडी लागतात. आखाड्यात दोन चपळ पोरं जीव तोडून खेळत असतात आणि अर्धे लोक आलुबोंड्याच्या गाडीभोवती, आखाड्याकडे पाठ करून. ऊन उतरलं की दोन धिप्पाड गडी लंगोट कसून उतरतात, डफड्याची लय वाढते आणि तेच लोक एकमेकांच्या खांद्यावरून माना काढतात. त्या शेवटच्या कुस्तीत कित्येकदा दोघं दहा-पंधरा मिनिटं नुसते मानेला मान लावून उभे असतात. तरी जागचं कोणी हलत नाही.

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "काहून बा, बारक्या पोट्ट्याइच्या कुस्तीत काय पाहाचं? पैलवान कसा भरल्या अंगाचा पायजे!"

मला हे उत्तर पटत नाही. लोकांची आवड वजनाच्या काट्यावर ठरत नसते. पैलवानाला खुराक कोण देतो, त्याची कुस्ती कधी लावतात आणि जिंकल्यावर त्याच्या हातात काय देतात, यावर ती ठरते. इतिहास तेच सांगतो.

आधी एक साधा हिशोब. ऑलिम्पिकमध्ये भारताला कुस्तीत आजपर्यंत आठ पदकं मिळाली. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधव, ५७ किलो. २००८ आणि २०१२ ला सुशील कुमार, ६६ किलो. २०१२ लाच योगेश्वर दत्त, ६० किलो. २०१६ ला साक्षी मलिक, ५८ किलो. टोकियोत रवी दहिया ५७ आणि बजरंग पुनिया ६५. २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावत, पुन्हा ५७. म्हणजे आठही पदकं ६६ किलो किंवा त्याच्या खालची. ज्या कुस्त्या सुरू असताना आपण आलुबोंडे खात असतो, त्याच वजनांनी देशाचं नाव राखलं.

मग जड अंगाची ही ओढ आली कुठून?

ती आली राजाश्रयातून. जुन्या काळी पैलवान पोसणं हा संस्थानिकाचा मान होता. दूध, तूप, बदाम राजाच्या कोठारातून यायचे आणि त्या खर्चाचं चीज लोकांना डोळ्यांनी दिसायला हवं असायचं. दिसणार कशात? अंगात. शंभर किलोचा मल्ल म्हणजे दरबाराची चालतीबोलती श्रीमंती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला जो आधार दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं केलं, त्याचं मोल मोठंच आहे. पण राजाश्रयाने आपल्या डोळ्यांना एक सवयही लावली, ती म्हणजे पैलवान अंगावरून ओळखायची.

जड गटाने काही केलंच नाही, असंही नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मारुती माने आणि गणपत आंदळकर या मोठ्या अंगाच्या मल्लांनी सुवर्णपदकं आणली. लोकांचं त्यांच्यावरचं प्रेम फुकटचं नव्हतं. प्रश्न एवढाच, की त्या प्रेमात बारीक अंगाच्या पोराला वाटा का मिळाला नाही.

आता आपल्याकडे या. वऱ्हाडचा कारभार १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. कोल्हापूरसारखा पैलवान पोसणारा राजा आपल्याकडे नव्हताच. मग इथे काय उभं राहिलं? व्यायामशाळा. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी, म्हणजे अंबादासपंत आणि अनंतरावांनी, हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. तिथे एका मल्लाला बदाम चारायचे नव्हते, शेकडो पोरांना अंग कमवायला शिकवायचं होतं. लाठी, लेझीम, कुस्ती आणि मल्लखांब.

आता मल्लखांब हा खेळ कोणाचा? शंभर किलोवाल्याचा तर नक्कीच नाही. त्याच्या जन्माची कथाच बघा. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन दांडगे पैलवान आव्हान घेऊन आले. पुढे यायला कोणी धजेना. तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या कोवळ्या पोराने आव्हान घेतलं, सप्तशृंगीच्या डोंगरावर वानरांच्या उड्या पाहून खांबावरचा व्यायाम बसवला आणि गुलाबला लोळवलं, असं परंपरेने सांगतात. कथा किती खरी ते सोडा. ती दोनशे वर्षं टिकली, कारण लहान्याने मोठ्याला पाडलेलं ऐकायला आपल्याला आवडतं.

हाच मल्लखांब आणि कबड्डी घेऊन १९३६ मध्ये अमरावतीच्या मंडळाची मुलं बर्लिन ऑलिम्पिकला प्रात्यक्षिकं दाखवायला गेली. हलक्या, लवचिक अंगाची वऱ्हाडी पोरं परक्या देशात जाऊन लोकांना दाखवण्यासारखी ठरली. तेव्हा "बारक्यांचं काय पाहाचं" हे निदान अमरावतीकराने तरी म्हणू नये.

आता खाशाबांकडे वळू. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा. १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलोच्या गटात सहावा आला. १९५२ ला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडहून गोळेश्वरला मिरवणूक निघाली, १५१ बैलगाड्या होत्या म्हणतात. म्हणजे त्या दिवशी ५७ किलोच्या पैलवानाला गर्दी मिळाली की नाही? मिळालीच.

पण ती टिकली नाही. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. मिरवणूक एका दिवसाची असते. नाव टिकवायला दरवर्षी परत येणारं काहीतरी लागतं.

असं दरवर्षी परत येणारं जे सुरू झालं, ते म्हणजे महाराष्ट्र केसरी, १९६१ पासून. या अधिवेशनात माती आणि गादी दोन्हीकडे सगळ्या वजनांच्या कुस्त्या होतात, हलक्या गटांतही विजेते ठरतात. पण मानाची चांदीची गदा एकच, आणि ती ज्या गटाला मिळते तो आज ८६ ते १२५ किलोचा. बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेऊन आला, २०१९ मध्ये ६१ किलोत जागतिक कांस्य आणलं. त्याच्या वजनाला ती गदा नाहीच. नरसिंग यादव ७४ किलोत ऑलिम्पिकला गेला, त्याच वजनात २०१५ चं जागतिक कांस्यही आणलं, पण महाराष्ट्राच्या तोंडी त्याचं नाव बसलं ते वरच्या गटात उतरून तीनदा गदा उचलली म्हणून.

दुसरं कारण मातीकडून गादीकडे जाण्याचं. मातीवर पाठ टेकली की संपलं, शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही कळतं. गादीवर गुणांचा हिशोब असतो. ताबा घेतला की दोन, रेषेबाहेर ढकलला की एक, दहाची आघाडी झाली की कुस्ती खतम. हलक्या गटात हे सगळं डोळ्याची पापणी लवते तोवर होतं. समजावून सांगणारा कोणी नसेल तर माणूस कंटाळतोच. त्यात त्याची काही चूक नाही.

आणि हे दुखणं फक्त आपलं नाही. अमेरिकेतल्या यूएफसीने, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या सर्वात मोठ्या कंपनीने, २०१२ मध्ये पुरुषांचा फ्लायवेट गट काढला. वजन? साधारण ५७ किलो. डेमेट्रियस जॉन्सनने सलग ११ वेळा किताब राखला. जाणकार त्याला आजवरच्या सर्वोत्तम लढवय्यांत धरतात, पण तिकिटं म्हणावी तशी खपेनात. २०१८ मध्ये कंपनीने त्याला सिंगापूरच्या स्पर्धेकडे सोपवून बदल्यात जड गटातला एक लढवय्या घेतला. हा गटच बंद होणार अशी चर्चा सुरू झाली.

मग वाचला कसा? फिगेरेडो आणि मोरेनो या दोघांमुळे. डिसेंबर २०२० ची त्यांची लढत बरोबरीत सुटली. पुढे एकदा हा जिंकला, एकदा तो, आणि जानेवारी २०२३ पर्यंत चार लढती झाल्या. वजन तेच ५७, पण आता लोकांना माहीत होतं की कोण कोणाचा हिशोब चुकता करायला उतरलाय. जॉन्सन इतका सरस होता की त्याला तोडीचा जोडच उरला नाही. आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात ना, कुस्ती जोडीत असते.

पॅरिसचंही तसंच. २०२४ मध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या अंतिम फेरीआधी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. दोन दिवसांनी अमनने रातोरात साडेचार किलोच्या वर वजन उतरवून कांस्य घेतलं. त्या आठवड्यात पानटपरीवरही वजनकाट्याची चर्चा होती. हलक्या गटातला पैलवान आखाड्यात उतरण्याआधीच एक कुस्ती खेळून आलेला असतो, हे आपल्याला पहिल्यांदा कळलं. कळलं म्हणून आवड आली.

आता शेवटचा प्रश्न अकोलेकरांना. अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकलेला, बुलढाणा जिल्ह्यातला अनंत चोपडे २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलोत सुवर्ण जिंकला. त्याच स्पर्धेत मेरी कोमनेही सुवर्ण घेतलं. मेरी कोम सगळ्यांना आठवते. आपल्या अनंताचं नाव किती जणांना आठवलं, खरं सांगा.

हे सगळं लिहायचं कारण नुसता इतिहास नाही. आपल्या गावच्या तालमीतलं पंचावन्न किलोचं पोरगं हे सगळं पाहत असतं. इनाम वर, टाळ्या वर, नाव वर. मग ते एक तर नको तेवढं अंग वाढवायला जातं, नाही तर लंगोट खुंटीला टांगून मोकळं होतं. आपण पाठ फिरवतो तेव्हा नुसती एक कुस्ती चुकत नाही, एक खाशाबा घरी परत जातो.

यात्रा कमिट्यांच्या भावांनो, तीन गोष्टी करून पाहा. फार पैसा लागत नाही.

एक, ५७ किलोची एक चांगली जोड शेवटून दुसरी लावा, ऊन उतरल्यावर.

दोन, माइकवर पोराचं नाव, गाव, वस्ताद आणि आधी कोणाला पाडलं ते सांगा. गुण कसे पडले तेही सांगा. नुसतं "बारकी कुस्ती चालू हाय" म्हणू नका.

तीन, त्या गटाला वेगळी गदा द्या, लाकडाची का असेना. आणि पुढच्या वर्षी त्याच दोघांना परत बोलवा.

१५ जानेवारी, खाशाबांचा जन्मदिवस, आपलं राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं. ज्या राज्याचा क्रीडा दिन ५७ किलोच्या माणसाच्या नावाने आहे, त्या राज्याची सर्वात मानाची गदा ८६ किलोच्या खाली उतरत नाही. ती उतरेल तेव्हा उतरेल. आपल्या गावची तर उद्याही उतरू शकते.

तुमच्या गावच्या आखाड्यात असा कोणी हलक्या वजनाचा पैलवान होऊन गेला असेल, तर त्याचं नाव खाली लिहा. निदान इथे तरी लोक ते वाचतील.