डॉ. गोपाळराव देशमुख आणि हिंदू स्त्रीचा वारसाहक्क

मुंबईतील पेडर रोडला अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग असे आहे. हे गोपाळराव म्हणजे ‘लोकहितवादी’ होत, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. प्रस्तुत गोपाळराव त्यांच्या बरेच नंतरचे. ते व्यवसायाने शस्त्रवैद्य, काही काळ मुंबईचे महापौर आणि पुढे मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते. हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा देणारा १९३७ चा कायदा त्यांच्या बिनसरकारी विधेयकातून निर्माण झाला. ज्यांच्यामुळे असंख्य स्त्रियांना घरात हक्काची जागा मिळाली, त्यांची ओळख केवळ रस्त्याच्या पाटीपुरती उरावी, ही गोष्ट शिक्षकवर्गाला तरी भूषणावह नव्हे.

त्या कायद्याचे मोल कळण्यासाठी आधीची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. मिताक्षरा पद्धतीत अविभक्त कुटुंबातील पुरुष वारला की त्याचा हिस्सा हयात असलेल्या सहदायादांकडे आपोआप जाई. त्याच्या विधवेच्या वाट्याला येई ते फक्त अन्नवस्त्र. पतीची मिळकत स्वतंत्र असली, तरी मुलगा, नातू वा पणतू असेपर्यंत तिला वारसा नसे. काल जी घरची सून म्हणून मिरवली, ती आज दिराच्या मर्जीची आश्रित होई. अन्नवस्त्र हेही कोर्टात जाऊन मागावे लागे, आणि कोर्टाची पायरी चढण्यासाठी लागणारा पैसा नेमका तिच्याजवळ नसे.

देशमुखांच्या मूळ विधेयकाची झेप मोठी होती. स्त्रियांना मिळकतीत पुरुषांच्या बरोबरीने हक्क मिळावा, आणि त्यात कन्येचाही समावेश व्हावा, असा त्यांचा हेतू होता. चिकित्सा समितीत मात्र विधेयकाला कात्री लागली. कन्या वगळली गेली आणि केवळ विधवा उरल्या. तरीही जे उरले ते थोडे नव्हते. पतीच्या स्वतंत्र मिळकतीत विधवेला मुलाइतका वाटा मिळाला. अविभक्त मिळकतीत पतीचा जो हितसंबंध होता तो तिच्याकडे आला, आणि पुरुषाप्रमाणेच वाटणी मागण्याचा अधिकारही तिला लाभला. आधी वारलेल्या मुलाच्या विधवेचीही तरतूद झाली. १४ एप्रिल १९३७ रोजी हा कायदा अंमलात आला.

त्यात दोन उणिवा राहिल्या. पहिली अशी की, विधवेला मिळाली ती मर्यादित मालकी. तिने मिळकतीचा उपभोग घ्यावा, परंतु कायद्याने मान्य केलेल्या गरजेवाचून ती विकू नये, आणि तिच्या पश्चात ती पतीच्या वारसांकडे परत जावी, अशी ही व्यवस्था होती. दुसरी उणीव कालगतीने निर्माण केली. विधेयक फेब्रुवारी १९३७ मध्ये असेंब्लीत संमत झाले, परंतु वरिष्ठ सभागृहाची संमती मिळाली ती एप्रिलमध्ये. मधल्या काळात, १ एप्रिलला, १९३५ च्या कायद्याची प्रांतिक व्यवस्था सुरू झाली होती आणि शेतजमिनीचा वारसा हा विषय प्रांतांकडे गेला होता. त्यामुळे गव्हर्नरांच्या प्रांतांतील शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये दिला. ज्या देशात बहुतेकांची मिळकत म्हणजे जमीन, तेथे काही दिवसांच्या विलंबाची किंमत विधवांनी मोजली.

या त्रुटींचा विचार करण्यासाठी सरकारने १९४१ मध्ये बी. एन. राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या चार जणांत पुण्याचे ज. र. घारपुरे आणि आमच्या बडोद्याचे राजरत्न वासुदेव विनायक जोशी होते. ठिगळे लावण्यापेक्षा समग्र हिंदू कायद्याची संहिता करावी, असा कौल या समितीने दिला, आणि पुढील हिंदू कोडाचा पाया येथेच घातला गेला. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानांत आपोआप लागू होत नसे, हेही विसरू नये. काही बाबतींत संस्थानेच पुढे होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ मध्येच हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला होता. देशमुखांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले घटस्फोटाचे विधेयक मात्र सिद्धीस गेले नाही.

म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. छळ, त्याग, पतीचा दुसरा विवाह, घरात ठेवलेली रखेली अशा कारणांनी पत्नीला वेगळे राहून पोटगी मागता यावी, असा कायदा १९४६ मध्ये झाला, तोही त्यांच्याच प्रयत्नाने. विवाहबंधन सुटत नव्हते, परंतु मार खात त्याच छपराखाली राहण्याची सक्ती संपली. अन्याय सोसणाऱ्या स्त्रीला कायद्याने प्रथम बाहेर पडण्याचे दार दाखविले.

पुढचा क्रम परिचित आहे. १९५६ च्या वारसा कायद्याने मर्यादित मालकीचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. आंध्राने १९८६ मध्ये, महाराष्ट्र व कर्नाटक यांनी १९९४ मध्ये कन्येला सहदायाद मानले, आणि २००५ च्या दुरुस्तीने ते तत्त्व देशव्यापी झाले. चिकित्सा समितीने वगळलेल्या कन्येला परत येण्यास सुमारे सात दशके लागली.

मुख्याध्यापक या नात्याने मी दरवर्षी अनेक पालकांना भेटतो. एकदा एका विधवा मातेने फीसवलतीचा अर्ज पुढे केला. बोलता बोलता कळले, की पतीच्या तेराव्यानंतर चारच दिवसांनी तिने हक्कसोडपत्रावर सही केली होती. “घरात वाद नको, म्हणून केली, सर,” एवढेच ती म्हणाली. तिच्या मुलीची फी माफ झाली, परंतु मला त्या रात्री स्वस्थ झोप आली नाही. देशमुखांनी कायदेमंडळात मिळविलेले तिने माजघरात सोडून दिले होते, आणि ते तिचे होते हे तिला कोणत्याही शाळेने सांगितले नव्हते. कायदा करणाऱ्याचे काम मंजुरीच्या दिवशी संपते, आपले काम तेथून सुरू होते. नागरिकशास्त्राच्या तासाला लोकसभेची सदस्यसंख्या पाठ करून घेताना, आईचा आणि बहिणीचा वाटा किती, हेही आपण मुलामुलींना एकदा फळ्यावर मांडून दाखवावे.