नट (बेस गिटार)

बेस गिटारचा नट म्हणजे फिंगरबोर्ड आणि हेडस्टॉक जेथे मिळतात त्या ठिकाणी आडवी बसविलेली हाडाची, प्लॅस्टिकची किंवा धातूची अरुंद, खाचा असलेली पट्टी होय. खुंट्यांकडून येणाऱ्या तारा या खाचांतून फिंगरबोर्डवर उतरतात. मोकळ्या तारेच्या कंपनाचे एक टोक नटवर, तर दुसरे ब्रिजवर असते. सतार व तंबोरा या वाद्यांत हेच काम अटी करते. बोल्टावर फिरणाऱ्या नटाशी या भागाचे केवळ नामसाधर्म्य आहे.

नट हा वाद्याच्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक असला तरी तो निष्काळजीपणे उपटल्यास फिंगरबोर्डचे लाकूड किंवा त्यावरील लॅकर निघून येते आणि दुरुस्तीचा खर्च नटाच्या किमतीच्या अनेक पट होतो.

कार्य

नट तीन गोष्टी ठरवितो: तारांमधील अंतर, फिंगरबोर्डपासून मोकळ्या तारेची उंची आणि तारेच्या कंपनक्षम लांबीचा आरंभबिंदू. लिओ फेंडर यांच्या १९५१ सालच्या प्रिसिजन बेसमध्ये ही लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर ठेवण्यात आली आणि तेच माप पुढे प्रमाण मानले गेले. या मापानुसार पहिला फ्रेट नटपासून सुमारे ४८.५ मिलिमीटरवर येतो. खाच गरजेपेक्षा उंच राहिली, तर पहिल्या फ्रेटवर दाबलेली तार अधिक ताणली जाते आणि स्वर चढा लागतो. मोकळी तार सुरात असते, पण पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरचे स्वर बेसूर होतात. वर जावे तसा हा दोष कमी होत जातो. त्यामुळे वादकाला पुष्कळदा आपल्या कानावर किंवा तारांच्या दर्जावर संशय येतो.

नटाची रुंदी वाद्यागणिक बदलते. १९६० साली आलेल्या जॅझ बेसचा नट सुमारे ३८ मिलिमीटरचा, तर सुरुवातीच्या प्रिसिजन बेसचा सुमारे ४४.५ मिलिमीटरचा होता. फ्रेट नसलेल्या बेस गिटारवर तारा पृष्ठभागालगत ठेवाव्या लागत असल्याने नटाच्या खाचा जवळजवळ फिंगरबोर्डच्या पातळीपर्यंत उतरविलेल्या असतात.

साहित्य

हाड हे नटाचे जुने व आजही आवडते साहित्य आहे. ते कठीण असते, कानशीने नीट घासले जाते आणि त्यावर चांगली चकाकी येते. पूर्वी हस्तिदंतही वापरला जाई. हत्तीच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील बंदी १९८९ साली ठरल्यानंतर तो मागे पडला. स्वस्त वाद्यांत आतून पोकळ असलेला प्लॅस्टिकचा नट आढळतो. तो लवकर झिजतो व चिरतो. याखेरीज पितळ, ग्रॅफाइट आणि निरनिराळी कृत्रिम संयुगे वापरली जातात. साहित्यामुळे मोकळ्या तारेच्या नादात फरक पडतो असे मानणारे वादक पुष्कळ आहेत, पण तार फ्रेटवर दाबल्यावर नट कंपनाच्या बाहेर राहतो. हाडाच्या नटाला नीट खाचा पाडलेल्या नसतील, तर त्यापेक्षा नीट खाचा पाडलेला साधा नट केव्हाही सरस ठरतो.

बदलण्याची गरज

मोकळी तार खरखरते, पण तीच तार कोणत्याही फ्रेटवर दाबली असता स्वच्छ वाजते, हे खोल गेलेल्या खाचेचे लक्षण आहे. दाबलेले स्वरही खरखरत असतील, तर दोष बहुधा नेकच्या बाकात, फ्रेटांत किंवा ब्रिजच्या उंचीत असतो आणि नट बदलून तो जात नाही. परीक्षेची सोपी रीत अशी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरील फट पाहावी. तेथे कागद जेमतेम सरकेल इतकीच जागा असावी. फट अजिबात नसेल तर खाच खोल गेली आहे. ती मोठी असेल तर खाच उंच आहे, आणि अशा वेळी नट न काढता फक्त खाच घासणे पुरते.

तार जुळविताना 'टिक्' असा आवाज येऊन स्वर एकदम उडी घेत असेल, तर तार खाचेत अडकत असते. पेन्सिलीचे शिसे खाचेत घासल्याने हा त्रास पुष्कळदा थांबतो. उजव्या हाताचे वाद्य डावखुऱ्या वादकासाठी उलट तारा चढवून वापरायचे असल्यास मात्र नवा नट बहुधा टळत नाही. जाड तारेच्या खाचेत बारीक तार सैल बसते आणि बारीक तारेच्या खाचेत जाड तार बसतच नाही.

जुना नट काढणे

चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ८० किलोग्रॅम वजनाइतका असतो. म्हणून तारा प्रथम पूर्ण सैल करून बाजूला घेतल्या जातात. त्यानंतर धारदार पात्याने नटाच्या चारही कडांना बारीक रेघ मारतात. कारखान्यात लॅकरचा थर अनेकदा नटावरूनच चढविलेला असतो. ही रेघ न मारता नट हलविल्यास त्या थराचे टवके उडतात. या कामातील बहुतेक नुकसान येथेच होते.

पुढची कृती बैठकीवर अवलंबून असते. गिब्सन पद्धतीच्या वाद्यांत नट फिंगरबोर्डच्या टोकाला टेकून बसलेला असतो. फिंगरबोर्डच्या बाजूने लाकडी ठोकळा लावून त्यावर छोट्या हातोडीचा हलका ठोका दिला की सरस सुटतो. फेंडर पद्धतीत नट सुमारे ३.२ मिलिमीटर रुंदीच्या खोबणीत असून दोन्ही बाजूंना लाकूड असते. येथे समोरून ठोका मारल्यास खोबणीची पातळ भिंत तुटते. असा नट पकडीने धरून थोडा थोडा हलवीत सरळ वर ओढतात किंवा टोके लॅकरने झाकलेली नसल्यास कडेने ठोकून सरकवितात. तो हटत नसेल, तर त्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने करवतीने चीर पाडून दोन्ही अर्धे आत दाबले जातात व सुटे करून काढले जातात. चीर खोबणीच्या तळापर्यंत जाऊ नये. नट तुटला तरी त्याचे तुकडे नव्या नटाच्या मापासाठी जपून ठेवावे लागतात.

खोबणीतील सरसाचे अवशेष लहान पटाशीने खरवडले जातात. लाकूड घासले जाऊ देत नाहीत, कारण खोबणी खोल झाल्यास नवा नट तितकाच खाली बसतो. सुपरग्लू विरघळविण्यासाठी काही जण ॲसिटोन वापरतात. ते नायट्रोसेल्युलोज लॅकरही विरघळविते.

नवा नट बसविणे

कोरी पट्टी सपाट काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासून खोबणीच्या जाडीची केली जाते. ती बोटाच्या दाबाने आत जावी. हातोडी लागत असेल तर ती जाड आहे. जुन्या फेंडर वाद्यांत खोबणीचा तळ वक्र असतो, तेथे सपाट तळाचा नट फक्त काही बिंदूंवर टेकतो. उंची आखण्यासाठी उभी अर्धी कापलेली पेन्सिल फ्रेटांवर आडवी ठेवून नटावर रेघ ओढतात. ही रेघ फ्रेटांची पातळी दाखविते. खाचेचा तळ तिच्या किंचित वर थांबावा लागतो.

बेसच्या तारांची जाडी फार भिन्न असल्याने खाचांच्या मध्यबिंदूंतील अंतर सारखे ठेवून चालत नाही, तारांमधील मोकळी जागा सारखी ठेवावी लागते. नट ४१.३ मिलिमीटर रुंद, दोन्ही कडांना ३.५ मिलिमीटर जागा आणि तारा २.६७, २.१६, १.६५ व १.१४ मिलिमीटर जाडीच्या धरल्यास प्रत्येक दोन तारांमध्ये सुमारे ८.९ मिलिमीटर जागा उरते. मध्यबिंदूंतील अंतरे मात्र सुमारे ११.३, १०.८ आणि १०.३ मिलिमीटर अशी उतरत जातात.

खाच तारेपेक्षा किंचित रुंद, गोल तळाची आणि खुंटीकडे उतरती असते. तिचा सर्वांत उंच बिंदू फिंगरबोर्डच्या कडेलाच हवा. तो मागे गेला तर तार सतारीसारखी झणझणते. काही वेळा कानस फिरवावी, तार चढवून फट पाहावी आणि पुन्हा घासावे, असे हे काम सावकाश चालते, कारण जास्त घासलेले परत भरता येत नाही. हाडाची पूड व सुपरग्लू यांनी खाच बुजविण्याची युक्ती प्रचलित आहे, पण ते भरण जाड तारेखाली फार टिकत नाही. हाड घासताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी बांधतात. चिकटविण्यासाठी सरसाचे एक-दोन थेंब पुरतात. नट मुख्यतः तारांच्या दाबानेच जागेवर राहतो आणि कमी सरस असल्यास पुढच्या वेळी तो सहज निघतो.

पर्यायी रचना

होफ्नर ५००/१ या बेस गिटारमध्ये नटालगत शून्य फ्रेट असतो. तारेची उंची तो फ्रेट ठरवितो आणि नट केवळ तारा अलग ठेवतो. जर्मनीतील वॉरविक कंपनीच्या वाद्यांवर खाचांची उंची स्क्रूने कमीजास्त करता येणारा नट असतो.