वाहनाच्या पट्टीवरील प्रांत

महाराष्ट्राबाहेर वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसाची नजर समोरून जाणाऱ्या मोटारीच्या क्रमांकपट्टीकडे आपसूक वळते. तीवर 'एम.एच.' ही अक्षरे दिसली, की ओळखदेख नसतानाही आपलेपणा वाटतो. दोन अक्षरांच्या ठायी हे सामर्थ्य कोठून आले, हे जाणण्यासाठी त्या पट्टीचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

मोटारींना क्रमांक लावण्याची सक्ती १८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी केली. इंग्लंडमध्ये ती १ जानेवारी १९०४ पासून आली. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी पहिला सर्वसाधारण मोटार कायदा १९१४ साली झाला. तथापि पुढे अर्धशतक चाललेली चौकट घातली ती १९३९ च्या कायद्याने. त्याच्या सहाव्या परिशिष्टात प्रत्येक प्रांताला अक्षरगट नेमून दिलेले होते. तीन अक्षरे आणि फार तर चार अंक, अशी ती रचना. मुंबई प्रांताची 'बी.एम.' ही आद्याक्षरे जुन्या पिढीच्या स्मरणात असतील. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर 'एम.आर.', 'एम.एम.', 'एम.एच.' असे गट रूढ झाले. म्हैसूर राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, तरी जुन्या गाड्यांवर 'एम.वाय.' ही अक्षरे दीर्घकाळ फिरत राहिली.

या पद्धतीची उणीव तिच्या गणितातच होती. 'आय' आणि 'ओ' ही अक्षरे एक व शून्य या अंकांसारखी दिसतात म्हणून वगळली, तर तिसऱ्या जागी चोवीस अक्षरे उरतात. प्रत्येकाला ९,९९९ क्रमांक धरले, तर एका गटात जेमतेम २ लाख ४० हजार वाहने मावतात. वाहने वाढली तशी राज्यांना नवनवे गट मागावे लागले आणि अक्षरांवरून राज्य ओळखणे दुर्घट होऊ लागले.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला आणि प्रत्येक राज्याला एकच द्व्यक्षरी संकेत मिळाला. त्यापुढे नोंदणी कार्यालयाचा क्रमांक, मग अक्षरे व शेवटी चार अंक. पुण्याची १२, कोल्हापूरची ०९, नागपूरची ३१ ही ओळख तेव्हापासूनची. आता एकाच कार्यालयाला दोन अक्षरांच्या मालिकेत ५७ लाखांहून अधिक क्रमांक देता येतात. पुढे काही राज्यांची अक्षरेही बदलली: उत्तरांचलचे 'यू.ए.' जाऊन उत्तराखंडाचे 'यू.के.' आले, तेलंगणाचे २०१४ चे 'टी.एस.' २०२४ मध्ये 'टी.जी.' झाले.

रंगांतही स्थित्यंतर झाले. पूर्वी खाजगी मोटारीची पट्टी काळी व अक्षरे पांढरी असत. आता पट्टी पांढरी व अक्षरे काळी. भाड्याच्या वाहनांना पिवळी, तर २०१८ पासून विजेवरील वाहनांना हिरवी पट्टी आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना अशोकचक्रांकित, सहज न निघणारी पट्टी अनिवार्य झाली. इंग्रजी अंकांना मुरड घालून ४१४१ चे 'दादा' आणि २१४ चे 'राम' करणाऱ्या आपल्याकडील रंगाऱ्यांची कला तिथे चालत नाही. नियमालाही ती कधी मान्य नव्हतीच.

बदलीच्या नोकरीतील आम्हा मंडळींना या इतिहासाचे शेवटचे पान अधिक जवळचे वाटते. परराज्यात वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवी नोंदणी करावी लागते. त्यापायी ना-हरकत दाखला, नव्या राज्यात पुन्हा पथकर आणि जुन्या राज्याकडून परताव्यासाठी हेलपाटे ओघानेच आले. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या 'बी.एच.' मालिकेने ही यातायात संपवली. केंद्र व राज्य सरकारांचे कर्मचारी, सैन्यदले, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी आस्थापनांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. कर एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो. पट्टीवर प्रथम नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग 'बी.एच.', म्हणजे भारत.

सोय मोठी झाली, यात शंका नाही. मात्र ज्या पट्टीने पाऊणशे वर्षांहून अधिक काळ प्रांत सांगितला, तिने आता तो सांगणे सोडले आहे. उद्या आपल्या वसाहतीत उभ्या असलेल्या गाडीवरून तिचा धनी मराठी आहे, हे कळणार नाही. त्याला शोधून काढणे, घरी बोलावणे आणि मंडळाच्या गणेशोत्सवात आणून बसवणे, हे काम यापुढे आपणच करावयाचे आहे. पन्नास वर्षे ते निष्ठेने करणाऱ्या मंडळाकडून आणखी पन्नास वर्षे ते घडो.